नळीच्या तोंडाशी अडलेलं पाणी

मी मुरबाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि राहते शहापूरला. आमच्या ह्यांचं बाजारात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली जुनी तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश लावून भट्टीत सुकवायची, हा त्यांचा धंदा. उन्हाळ्यात विहिरी खाली गेल्या की पंप कोरडे फिरून जळतात, आणि दुकानाबाहेर पाणबुडी मोटरींची रांग लागते. दुकानाच्या मागेच आमचं घर. त्या मोटरींतून वाट काढत मी सकाळी एसटी स्टँडवर जायची आणि किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचायची.

चाळिशी जवळ आल्यावर मी पीएचडीला नाव घातलं. मुलगी नाशिकला शिकायला गेली होती. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सासूबाई. बारावीच्या पोरांना तीच ती समीकरणं वर्षानुवर्षं लिहून देताना माझ्या मनात एक गोष्ट कुठेतरी खुपायची. एमएस्सीला असताना मी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांबद्दल वाचलं होतं. कार्बनच्या अणूंचा एकच थर असलेला पत्रा गुंडाळावा तशी ती नळी. केसाच्या जाडीत अशा हजारो नळ्या शेजारी शेजारी बसतील इतकी बारीक. नळी पुरेशी अरुंद असली तर आतून पाणी एकामागे एक, एकेरी रांगेत जातं, आणि कमालीच्या वेगाने जातं. कारण कार्बनच्या गुळगुळीत भिंतीशी पाण्याला काही घेणंदेणं नसतं. ते भिंतीला चिकटत नाही, घसरत पुढे जातं. अशा असंख्य नळ्या एका पातळ पडद्यात उभ्या बसवल्या, तर खारं पाणी गोडं करायचा पडदा तयार होईल, असं जगभरातल्या लोकांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

मुंबईतल्या एका संस्थेत मला मार्गदर्शक मॅडम मिळाल्या. बोलायला अगदी मोजक्या. पहिल्या मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी विचारलं, "तुम्ही शिकवता मुरबाडला, राहता शहापूरला. रेणूंची एवढी मोठी गणितं करणार कुठल्या यंत्रावर?"

मी म्हटलं, "घरी."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घरी लाईट असते का?"

"जाते मधूनमधून. पण मिस्टर इलेक्ट्रिकचंच काम करतात."

"मग हरकत नाही," मॅडम म्हणाल्या आणि माझ्या कागदावर सही केली.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे एका उघडलेल्या मोटरीच्या स्टेटरमध्ये मान घालून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तू फक्त सांग, किती टाइम लाईट गेली नाय पायजे. बाकीचं माझ्याकडं लागलं."

कल्याणला एकाचं गेम खेळायचं दुकान बंद पडलं होतं. त्याच्याकडून ह्यांनी एक दणकट कॉम्प्युटर आणला. पोरांनी गेम खेळून खेळून कीबोर्डवरची अक्षरं घालवली होती, पण आतलं ग्राफिक्स कार्ड अजून तगडं होतं, आणि माझ्या गणिताला तेच लागत होतं. घरात ठेवला तर त्याच्या पंख्याचा आवाज आणि उष्णता, म्हणून दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात त्याची स्थापना झाली. वार्निशच्या भट्टीपासून लांब, खिडकीपाशी. गरम हवा बाहेर फेकायला ह्यांनी एका जुन्या ब्लोअरची मोटर भरून बसवली. माझी प्रयोगशाळा तयार झाली.

हे काम म्हणजे काय, ते सांगते. कॉम्प्युटरमध्ये एक नळी उभी करायची. एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला साधं. मग प्रत्येक अणू दुसऱ्याला किती ओढतो, किती ढकलतो, याचा हिशेब करून सगळ्यांना इवलंसं पुढे सरकवायचं. पुन्हा हिशेब, पुन्हा सरकवणं. यंत्र आठवडेच्या आठवडे चाललं तरी त्या पाण्याच्या आयुष्यातला, पापणी लवायच्या किती तरी आतला क्षण पुरा व्हायचा.

पहिल्यांदा साध्या नळीचं चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत शेजारी बसल्या होत्या.

"ह्ये काय गो, मुंग्या?"

"पाणी आहे, आई. लाल ठिपका ऑक्सिजन, त्याला चिकटलेले पांढरे दोन हायड्रोजन. एका थेंबात असे मोजता येणार नाहीत इतके असतात."

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघायला लागल्या. रांग पुढे सरकत होती, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिल्यासारखी. "एकमेकाला सोडत नाय बघ," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी मुरबाडहून आले की चहाआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "पोचलं का तुझं पानी पल्याड?"

साध्या नळीतून पाणी पोचत होतं. अडचण मिठाची होती. नळी अगदीच अरुंद केली तर मीठ अडतं, पण तितकी अरुंद नळी प्रयोगशाळेत पाहिजे तशी बनवणं फार अवघड. जरा रुंद नळी घेतली की मीठही पाण्याबरोबर आत शिरतं. म्हणून नळीला रसायनाने सजवायचं, तिच्या कडांवर अणूंचे छोटे गट जोडायचे. माझ्या गटांवर ऋण भार होता. मिठातल्या क्लोराइडवरही ऋण भार असतो, तो दारातूनच मागे ढकलला जातो. आणि क्लोराइड अडला की त्याचा धन भाराचा जोडीदार सोडियमही एकटा फार पुढे जात नाही. कागदावर सगळं छान होतं.

प्रत्यक्षात मीठ अडलं, पण पाणीही अडलं. आधी मी आतल्या भिंतीवरही गट लावले होते. पाणी त्यांनाच धरून बसायचं, गुळगुळीत भिंतीचा फायदाच गेला. मग आतले सगळे काढून टाकले, फक्त तोंडाशी गोल कडं ठेवलं. तरी वेग येईना. नळीची लांबी बदलली, दाब बदलला. प्रत्येक बदलाला आठवडे जायचे. एकदा यंत्र आपली नोंद लिहीत असतानाच लाईट गेली, ती नोंदच खराब झाली आणि महिन्याचं काम पुसलं गेलं. त्या दिवशी मी दुकानातल्या स्टुलावर बसून रडले. संध्याकाळी एक इन्व्हर्टर आणि बॅटरी आणून ह्यांनी कोपऱ्यात बसवली.

वार्षिक आढाव्याला समितीने सरळ सांगितलं, विषय बदला. हे गट लावले की वेग जाणारच, यात नवीन काय निघणार? मी मॅडमकडे पाहिलं.

"पुढच्या आढाव्यापर्यंत हाच विषय राहील," मॅडम म्हणाल्या. मला बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही आकडे फार बघता. एकदा नुसतं चित्र बघा."

मी चित्र बघत राहिले. पण जे उमगलं ते मुरबाडला, वर्गात.

बारावीला पाण्याच्या रेणूंची एकमेकांवरची ओढ शिकवत होते. दुपारचा तास, निम्मी मुलं पेंगत होती. मी म्हटलं, उठा, बाकं सरकवा. बाकांच्या दोन रांगांमध्ये एक माणूस जाईल एवढी वाट ठेवली. ही नळी. वर्गातल्या मुली पाणी झाल्या. नियम एकच, एक हात पुढचीला, एक मागचीला, आणि चालायचं. वीसेक मुली हसत हसत या टोकाहून त्या टोकाला सहज गेल्या. मग एका मुलाला सोडियम केलं आणि त्याच्याभोवती चार-पाच मुलींचं कडं केलं. मीठ पाण्यात असं पाण्याचा अंगरखा घालून वावरतं. ते सगळं लटांबर वाटेत शिरेना, वर्ग हसून हसून बेजार.

"आता दारावर पहारा," मी म्हटलं. वाटेच्या तोंडाशी दोन्हीकडे दोन-दोन मुली उभ्या केल्या. त्यांच्याजवळून जाताना पाण्याने त्यांचा हात धरून मगच पुढे जायचं, हा नियम. पुन्हा रांग सुटली आणि तोंडाशीच गर्दी झाली. कोण कुणाचा हात धरतंय कळेना. सोडियम झालेला मुलगा तर त्या पहारेकरणींच्या मधोमध अडकून पडला, कारण त्याला त्या चौघीही ओढत होत्या. वाट आतून पूर्ण मोकळी, आणि दारात चेंगराचेंगरी.

"मॅडम, मी बाहेर उभी राहू का?" एक पहारेकरीण म्हणाली. "इथे पायावर पाय पडतोय." ती बाकाच्या बाहेर सरकली आणि नुसता हात लांब करून उभी राहिली. तिच्या बाजूने रांग लगेच वाहायला लागली.

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. गेले कित्येक महिने मी नळीच्या पोटात दोष शोधत होते. माझ्या चित्रातही तोंडाशी असंच चाललेलं असणार. सोडियम कड्याच्या मधोमध रुतून बसत असणार आणि पाणी त्याच्यामागे खोळंबत असणार. परतीच्या जीपमध्ये मी लॅपटॉप मांडीवर घेऊन जुनी चित्रं उघडली. सरळगावच्या फाट्याला जीप थांबली, माणसं उतरली, चढली. मी पडद्यावर बोट ठेवून बसले होते. होता. सोडियम नळीच्या अगदी तोंडात बसलेला होता. एका चित्रात, दुसऱ्यात, प्रत्येक चित्रात.

"ताई, उतरता का?" ड्रायव्हरने शहापूरला विचारलं तेव्हा भानावर आले.

नवी नळी रचायला मला पुढचे काही महिने लागले. कड्याभोवतीचे बरेचसे गट काढले. जे ठेवले ते कडेला थेट न चिकटवता कार्बनच्या छोट्या दांड्यांवर, बाहेरच्या बाजूला झुकलेले बसवले. सोडियमला ओढायचं असेल तर त्या बाजूला ओढा, तोंड मोकळं राहू द्या. दांडी किती लांब, किती झुकलेली, हे ठरवताना पुन्हा चुकले, पुन्हा केलं. शेवटी जे जमलंसं वाटलं ते मे महिन्यात यंत्रावर चढवलं. आढावा तोंडावर आला होता.

आणि एका दुपारी वादळ झालं. असं की बाजारातले पत्रे उडाले, किन्हवली रस्त्याला विजेचे खांब आडवे झाले. लाईट कधी येईल कुणी सांगेना. गणित थांबवून नंतर पुढे चालवता आलं असतं, पण नंतर म्हणजे कधी? आढाव्याला रिकाम्या हाताने गेले असते तर विषय गेलाच होता.

हे इन्व्हर्टरकडे बघत म्हणाले, "अजून किती चालायला पायजे?"

"दोन-तीन दिवस तरी."

"म्हंजे तवर आपनच लाईटवाले," ते म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

त्यांनी आमच्या टेम्पोची बॅटरी काढली. सासूबाईंनी त्यांच्या खोलीतला पंखा बंद करायला लावला, "मला वाऱ्याची काय जरूर? बाहेर भरपूर वारा झालाय." शेजारच्या मंडपवाल्याकडे जनरेटर होता, पण त्याला लग्नाच्या घरी न्यायचा होता. तो म्हणाला, "सकाळी नेतो. आज रात्रभर तुमचाच." दुसऱ्या दिवशी तानसा तलावाकडचा एक शेतकरी जळालेली मोटर घेऊन ट्रॅक्टरने आला. ह्यांनी त्याला सांगितलं, "मोटर उद्या देतो, पन ट्रॅक्टर जरा चालू ठेव, बॅटऱ्या चार्ज करायच्यात."

"कशाला?"

"आत कॉम्प्युटर चालू हाय. बायकोचं काम."

"काय काम?"

"पानी चाललंय," हे म्हणाले. "मधीच बंद नाय करता येत."

त्या माणसाने आत डोकावून पाहिलं. पडद्यावर लाल-पांढरे ठिपके सरकत होते. त्याच्या शेतापासून मुंबईला पाणी नेणारा मोठा पाइप जातो, हे त्याने आम्हाला सांगितलं, आणि त्याच्या बायकोला अजूनही उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जावं लागतं, तेही. मग म्हणाला, "चालू द्या. डिझेल हाय भरपूर." तो दिवसभर दुकानासमोर ट्रॅक्टर सुरू ठेवून बसला. सासूबाईंनी त्याला जेवायला वाढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट आली आणि पाठोपाठ त्याच दुपारी गणित पुरं झालं. मी आकडे काढायला बसले. नळीतून किती पाणी पार झालं त्याची रेघ पडद्यावर उमटायला लागली. जुन्या कड्याच्या नळीची रेघ आडवी, दमल्यासारखी खाली पडलेली. नव्या नळीची रेघ निघाली ती चढतच गेली. मला वाटलं कुठे तरी चुकलं. पुन्हा मोजलं. तीच रेघ. मग क्लोराइड मोजला. पलीकडे एकही गेला नव्हता. एकही नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. हे वार्निशने माखलेले हात तसेच घेऊन धावत आले, त्यांना वाटलं शॉक लागला.

"गेलं! पाणी गेलं! आणि मीठ राहिलं इकडेच!"

सासूबाई दारात आल्या. "पोचलं?"

"पोचलं, आई."

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानशिलांवर बोटं मोडली, कडाकडा. ह्यांच्या वार्निशचे डाग माझ्या साडीवर उमटले होते, ते अजून गेलेले नाहीत. साडी मी टाकलेली नाही.

आढाव्याला मी ती दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एकात सोडियम तोंडात रुतलेला, दुसऱ्यात बाजूला झुलणारा आणि मधून पाण्याची रांग निघालेली. मग ज्यांनी यंत्राबद्दल विचारलं होतं तेच सर म्हणाले, "हे प्रयोगशाळेत करून बघायलाच हवं."

ते काम मॅडमच्या प्रयोगशाळेतल्या एका संशोधक मुलीने अंगावर घेतलं. नळ्या पातळ पडद्यात उभ्या बसवायच्या, त्यांची तोंडं उघडायची, आणि मग फक्त तोंडाशीच दांडीवरचे गट जोडायचे. पहिले पडदे फाटले. पुढचे गळले. एका पडद्यात गट भलतीकडेच लागले. वर्ष होत आलं तेव्हा तिचा फोन आला, "मॅडम, उद्या याल का? हा पडदा टिकलाय."

मी गेले. हेही आले, दुकान कारागिराच्या हवाली करून. नखाएवढा पडदा पोलादी भांड्यात घट्ट आवळलेला होता. वरून मिठाचं पाणी दाबाने सोडलं. ती मुलगी, मॅडम, हे आणि मी, आम्ही चौघं खालच्या बारीक नळीकडे बघत उभे. मग एक थेंब फुगला, लोंबला, पडला. दुसरा. तिसरा. थेंबांना थोड्याच वेळात लय आली. त्या मुलीने ते पाणी मीटरखाली धरलं. खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहते, गोड्यातून कमी, त्यावरून मीठ कळतं. मीटरवरचा आकडा उतरत उतरत अगदी खाली येऊन थांबला.

माझ्या गणिताइतका वेग आला नव्हता. खऱ्या नळ्या काही सगळ्या सरळ नसतात, काही बंदच राहतात. पण गोल कड्याच्या जुन्या पडद्यापेक्षा पाणी कितीतरी जास्त येत होतं, आणि मीठ बहुतेक सगळं वरच राहिलं होतं. मॅडमनी टाळी वाजवली. एकट्यांनीच, दोन-तीनदा. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

हे थेंब मोजत होते. मला हळूच म्हणाले, "मोटरीपेक्षा सरळ काम करतंय गो."

शेवटच्या तोंडी परीक्षेला सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. मॅडमना म्हणाल्या, "जयभीम मॅडम." मॅडम वाकून त्यांच्या पाया पडल्या, तेव्हा सासूबाईच गडबडल्या. सभागृहात पहिल्या रांगेत हे, सासूबाई, नाशिकहून आलेली लेक आणि मुरबाडच्या माझ्या वर्गातल्या काही मुली, ज्या आता बीएस्सीला होत्या. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं, आणि प्रबंधाच्या आभारात त्यांच्या वर्गाचा उल्लेखही केला होता.

बाहेरून आलेले परीक्षक पुण्याचे होते. तासभर त्यांनी मला चांगलंच पिळलं. भार किती, तापमान वाढलं तर काय, पडदा चोंदला तर काय. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. दोन ठिकाणी "हे मला अजून माहीत नाही" असंही सांगितलं, आणि ते सांगताना घाबरले नाही. शेवटी ते खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "आता घरच्यांना कळेल असं सांगा. तुम्ही नक्की काय केलंत?"

मी म्हटलं, "सर, पहारेकरी उंबऱ्यात बसला होता. त्याला उठवून ओसरीवर बसवला. आता चोर ओसरीवरच अडतो आणि घरच्यांना ये-जा करायला वाट मोकळी आहे."

ते मोठ्याने हसले. सभागृह हसलं. पहिल्या रांगेतून माझ्या वर्गातल्या मुलींनी टाळ्या सुरू केल्या आणि मग त्या थांबेनात.

समिती आत जाऊन बाहेर आली आणि मला पदवी द्यावी अशी शिफारस केल्याचं जाहीर झालं. लेक गळ्यात पडली. सासूबाईंनी विचारलं, "झालं ना सगळं? मंग आता पोरींना जेवायला घाला, सकाळपासून उपाशी हायत." ह्यांचा फोन वाजत होता. दुकानासमोर कुणीतरी पंप घेऊन उभं होतं.

हे फोनवर इतक्या मोठ्याने बोलले की परीक्षकांनीही वळून पाहिलं. "आज नाय! आज दुकान बंद! आमची बायको डॉक्टर झाली, पान्याची डॉक्टर! उद्या या, सगळ्यांना पेढे हायत!"